चौथा स्क्रू

मंगळवार, दिवेलागण. मु. युसूफ वडगाव.

उद्या कॉलेजात आमच्या छोट्या उपग्रहाची व्हायब्रेशन टेस्ट आहे, जोरात हादरवून बघणार, नि मी इथे घरी. आतल्या बॅटरीचे चारही स्क्रू आवळले, असं लिहून खाली सही मीच केली. पण चौथा खरंच आवळला का? तीन आठवतात. चौथा नुसता बघितला बहुतेक. आता सांगितलं तर सगळं परत उघडावं लागेल. टीम काय म्हणेल?

मघाशी बाबा शेळ्या कोंडत होते. एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजत होते. म्हटलं, "दिसतायत की सगळ्या."

"दिसत्यात गं. पर हात लावल्याबिगर मी दार लावत न्हाई."

चौथा स्क्रू.

टीममधल्या स्नेहलला फोन लावलाय. रिंग जातेय. उचल ना बाई.