चार रंगांची माणसं

सोमवार, १ डिसेंबर

— आणि हिरव्या कागदाचा चिकट गोल कुणालीच्या खांद्यावर ठेवून आदेश सरने अंगठ्याने दाबला. गुरांच्या कानाला बिल्ला मारतात तसा. "ही हिरवी! टाळ्या!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलं कशालाही वाजवतात.

बारावीचा वर्ग. तीस मुलं, तीस गोल. लाल म्हणजे पुढारी. पिवळा म्हणजे बोलका. निळा म्हणजे मोजूनमापून वागणारा. हिरवा म्हणजे पडतं घेणारा, मागे राहणारा. माणसाचे प्रकार चार. पाचवा नाही. आदेश सर — सगळे त्याला सर म्हणतात, मीही म्हटलं — हसत हसत सांगत होता, "एकदा आपला रंग कळला की आयुष्य सोपं होतं." दात फार स्वच्छ.

नुसता खेळ असता तर सोडून दिला असता. खेळ नाही. त्याची संस्था कल्याणला मुलींना रुग्णसेविकेचं शिक्षण देते. राहणं, जेवण तिथेच. बारावीची परीक्षाही तिथून देता येते. आमच्या कॉलेजातून एकच मुलगी घेणार, आणि ती लाल हवी. मुलींत एकटी दर्शना लाल निघाली. दर्शनाला घेतलं.

कुणालीचा बाप महिपत दर साली भात झोडून झालं की भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो. बायको, मुलं, भांडी, कोंबड्या — सगळं ट्रकात. घरी मागे कोणी उरत नाही. पुढच्या आठवड्यात निघतील. परीक्षा फेब्रुवारीत. ती गेली की तिची बारावी गेली. आणि ती वर्गात पहिली येते.

हे मी त्याला सांगितलं. म्हणाला, "मॅडम, मार्क म्हणजे माणूस नाही."

आणि हिरवा कागद म्हणजे माणूस!


मंगळवार, २ डिसेंबर

काल जाताना संस्थेवाले महादू शिपायालाही एक गोल चिकटवून गेले. "मॅडम, मला पिवळा दिलाय. कावीळ झाल्यागत दिसतो का?" दिवसभर काढला नाही. घंटा देतानाही छातीवर.

वर्गात लाल पोरं पुढच्या बाकावर सरकली आहेत. कोणी सांगितलं नव्हतं. सुयोगला कवितेचा अर्थ विचारला तर उभा राहिला, गप्प. "बोल की रे." म्हणाला, "मॅडम, मी निळा. मी विचार करून बोलणार."

परवापर्यंत हा मुलगा फळ्यापर्यंत धावत यायचा.


बुधवार, ३ डिसेंबर

आज त्यांचा प्रश्नांचा कागद पाहिला. गेल्या गुरुवारी चाचणी झाली तेव्हा मी रजेवर होते. चाळीस वाक्यं, पुढे होय आणि नाही. भाषांतर असं की वाचताना जीभ ठेचकाळते. 'मी पार्टीमध्ये अनोळखी व्यक्तींशी सहज मिसळतो.' यावर काय लिहिलंत, असं वर्गाला विचारलं. मागून आवाज, "कुठची पार्टी मॅडम? निवडणुकीची?" सगळे हसले. मग दर्शना म्हणाली, "पन मॅडम, आमी आमचं नाय लिवलं."

म्हणजे?

"कागद बदलले. आपलं आपण कसं लिवायचं? मी चांगली, मी हुशार, मी सगळ्यांच्या पुढं... लाज नाय वाटत? माझा कुणालीनं लिवला. तिचा मी."

तीसच्या तीस! तेव्हा आदेश सर बाहेर फोनवर बोलत होता म्हणे.

हे मला सुचायला हवं होतं. इथे लग्न जमवतानासुद्धा मुलीला कोणी विचारत नाही, तू कशी आहेस. शेजारणीला विचारतात. स्वतःबद्दल स्वतः सांगणारा माणूस हलका. मुलांनी चाचणीत लबाडी केली नाही. त्यांच्या मते नीट दिली.

कुणालीच्या कागदाची नक्कल कॉलेजात ठेवली आहे. ती काढून दर्शनाला दाखवली. वाक्य सतरा : 'मी माझे काम आधी पूर्ण करतो, मग इतरांना मदत करतो.' पुढे 'नाही'वर दोनदा खूण. कागद फाटेल इतकी.

"मग! आवणीला आमची सावड असती. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. कुणालीच्या घरची आवणी नेमी शेवट. सगळ्यांची रोपं लावून होती, मग आपल्यात उतरती ती. तिच्यासारखी कोण नाय गो आमच्या पाड्यात."

तर ही स्तुती होती. संस्थेने वाचलं : पुढाकाराचा अभाव.

दर्शना लाल झाली ती कुणालीने केली म्हणून. मैत्रिणीबद्दल वाईट कशाला लिहील?

वर्ग सुटल्यावर दर्शना मागे थांबली. "मॅडम, सरांना सांगू नका हां." मी नुसती हसले. फार दिवसांनी हसले.


गुरुवार, ४ डिसेंबर

धंदा जुनाच. कोणी अंगातल्या चार रसांवरून माणूस ओळखला, कोणी वात-पित्त-कफावरून, कोणी तीन गुणांवरून. हे आता चाळीस वाक्यांवरून ओळखतात. समोरचा माणूस बघत बसायचा कंटाळा, एवढंच सगळ्याच्या मुळाशी आहे. म्हणून डबे. डब्याला झाकण.

माझ्या पत्रिकेत राक्षसगण. सहा स्थळं आली, सहा गेली. सातव्याच्या आईने पोहे संपवले, बशी नीट खाली ठेवली आणि विचारलं, "गण कुठला?" माझी आई उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी तेव्हा सव्वीसची. मुलाचा चेहरा आठवत नाही. त्या बाईचा पदराला बोटं पुसतानाचा हात आठवतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. गण कळला होता ना.

बावीस वर्षं झाली. शहापुरातल्या या खोलीत एक खुर्ची आहे. दुसरी लागली नाही.

मीही जूनमध्ये हजेरीपटावर पेन्सिलीने खुणा करते. कोण टिकेल, कोण गळेल. सप्टेंबरपर्यंत बहुतेक बरोबर येतात.

ते वेगळं.


शुक्रवार, ५ डिसेंबर

अर्धी रजा टाकून मुरबाडला जाऊन आले. हार्डवेअरच्या दुकानावर संस्थेचं इकडचं ऑफिस आहे. भिंतीवर माणसाच्या डोक्याचं चित्र, डोक्याचे चार भाग, चार रंग. जिन्यात रंगाच्या डब्यांचा वास.

सगळं सांगितलं. कागद बदलले. कोणाचाच रंग खरा नाही. आदेश सरचं हसू गेलं — त्यासाठीच गेले होते, खोटं कशाला लिहू? तिथली मनस्वी नावाची मुलगी पुढे आली. "मॅडम, मी लाल आहे, म्हणून स्पष्टच बोलते. आमची चाचणी चुकत नाही."

"तीस माणसं चुकीची असतील, चाचणी नाही?"

"हो."

शांतपणे म्हणाली. मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. किळस आली.

मी म्हटलं, कागद फाडून टाका. मुलींना समोर बसवा, बोला, बघा. गुण बघा. घर बघा. मनात म्हटलं, बघतील तर कुणालीच घेतील.

निघताना आदेश सर दारापर्यंत आला. हसू परत आलं होतं. "तुमचा रंग सांगू का मॅडम? निळा. पण आत लाल."

मी जिना उतरून सरळ एसटी स्टँड गाठला.

दर्शनाचं काय? दर्शनाची माणसं घरीच असतात. तिची बारावी बुडत नाही. हे मी जाताना किन्हवलीच्या फाट्याला एसटी थांबली तेव्हाच ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नाही.


सोमवार, ८ डिसेंबर

पत्र आलं. 'आपल्या महाविद्यालयात सामूहिक गैरप्रकार आढळल्याने निवड रद्द.' जागा दुसऱ्या कॉलेजला दिली.

प्राचार्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. "तुम्हाला तिकडे कोणी पाठवलं होतं?" कोणी नाही. "एक पोर तरी जात होती, बाई."

दर्शना वर्गात होती. वही उघडी, पेन बंद. मी तिच्याकडे न बघता शिकवलं. व्याकरण घेतलं. व्याकरणाला कोणाकडे बघावं लागत नाही.

मधल्या सुट्टीत कुणाली आली. वाटलं, रडेल. ती समजावायला आली होती! "जाऊ दे मॅडम. तुमी माझ्यासाठीच गेलेला. पन ती दर्शनाची जागा होती ना."

आवाज चढला नाही, काही नाही. मी आदेश सरला, त्या मनस्वीला, प्राचार्यांना मनात जेवढ्या शिव्या दिल्या त्या सगळ्या तशाच पडून राहिल्या.


मंगळवार, ९ डिसेंबर

कॉलेज सुटायच्या वेळी महिपत आला. स्टाफरूमच्या दाराशी चपला काढून उभा. आत या म्हटलं तर उंबऱ्याच्या आत एक पाऊल, तेवढंच. टोपी हातात. भाताचं कुसळ अजून सदऱ्याला चिकटलेलं.

"उद्या निंगतो आमी."

"हो, कळलं."

"पोरगी म्हनती, परीक्षा द्यायची. हितं ठेवू कुनाकडं? दर्शनाच्या घरी दोन खोल्यांत नऊ मानसं. तिचा बाप ठेव म्हनला, पन मलाच बरं नाय वाटत." टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली. "तुमी एकट्याच राहता म्हनं शहापूरला. दोन अडीच महिने. तांदूळ मी देईन. सैपाक ती करील, भांडी करील. बोलायची नाय जास्त. तुमाला तरास नाय व्हायचा."

मला हे आठवड्यापूर्वीच सुचलं होतं. पहिल्याच दिवशी, तो गोल चिकटवत होता तेव्हा. सुचलं, आणि मी ते उचलून बाजूला ठेवलं, मग रोज त्याच्यावर दुसरं काहीतरी ठेवत गेले. मुरबाडसुद्धा.

खोलीत दुसऱ्या माणसाच्या श्वासाचा आवाज. मोरीत दुसरा टॉवेल. सकाळी कोणीतरी विचारणार, मॅडम चहा ठेवू?

मी म्हटलं, "महिपत, मी एकटी राहणारी बाई. मला कोणी सोबत चालत नाही. माझा स्वभावच तसा आहे."

माझा स्वभावच तसा आहे! माझ्या तोंडून. इतक्या सहज, जणू खांद्यावर चिकटवलेलंच होतं.

तो चिडला नाही. उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "हां, आसतो एकेकाचा." चपला घातल्या. पायरीवरून वळून म्हणाला, "पोरीचं चांगलं बघितलंत तुमी. मुरबाडपर्यंत गेलात."

एसटीत बसले तेव्हा हात धुवावेसे वाटत होते. घरी येऊन धुतले. परत धुतले.


बुधवार, १० डिसेंबर

पहिल्या एसटीने डोळखांबला कॉलेजच्या थांब्यावर उतरले, तिथून पाड्यापर्यंत चालत. खोलीची दुसरी किल्ली पर्समध्ये होती. महिपतच्या दाराला बोरीची फांदी आडवी लावलेली. अंगणात चुलीची राख, ओली. दर्शना हंडा घेऊन आली. म्हणाली, ट्रक पहाटे चारलाच गेला. मग म्हणाली, बसा मॅडम, चा ठेवते. बसले. चहा घेतला. नऊच्या घंटेला वर्गात होते.