गोल घरातला कापूस

९ डिसेंबर
मीनलबाईचा फोन आला, नागपूरहून. आर्किटेक्ट नागसेन साहेबांच्या इमारतींवर त्या सिनेमा काढून राह्यल्या. नाचगाण्याचा नाही, माहितीपट म्हणतात त्याला. शंखासारखं वाचनालय, लाटेसारखी शाळा, असं कुठं कुठं बांधलं म्हणे साहेबांनी. अन् सर्वात पैलं आमचं गोल घर! रविवारी साहेब स्वतः येतात.
मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, चहा कपातच थंड झाला.

१० डिसेंबर
भानगड अशी. मामाजी अन् साहेब तरुणपणचे जिगरी दोस्त. साहेबांनी हौसेनं मामाजींना राहायला घर बांधून दिलं. कोपरा एक नाही, वर उजेडाला झरोका. पण आमच्याकडं गोल म्हणजे धान्य साठवायची कणगी! कणगीत कोणी निजते का? सासूबाईंनी पैल्याच साली त्यात कापूस भरला, अन् सारे राह्यले मागच्या टिनाच्या खोल्यांत. अजून तिथंच आहोत. साहेब यायचे असले की कापूस दिराच्या गोठ्यात हलवायचा, आत खाटा टाकायच्या, माठ भरून ठेवायचा. साहेब गेले की परत कापूस!
यंदा तर झरोक्यापर्यंत भरला आहे. हे म्हणाले, बाबा, सांगून टाका एकदाचं. मामाजी भडकले.
"त्याच्या हातचं पैलं घर हाय ते. त्याचं मन मोडू?"

१३ डिसेंबर
कंबर गेली! सारा कापूस हलवला. नाकात कापूस, केसात कापूस, वरणातही. तरी हसूच येऊन राह्यलं.

१४ डिसेंबर
शूटिंग झालं. साहेब थकले आता, काठी घेऊन चालतात. खाटेवर बसून झरोक्याकडं पाहत राह्यले. मीनलबाईनं मामाजींना विचारलं, इथं राहून कसं वाटते? मामाजी कॅमेऱ्यापुढं बिनधास्त — थंडगार, म्हणे, अन् झोप तर अशी लागते! मी पदर तोंडात कोंबला.
साहेबांनी भरीत-भाकर मागून मागून खाल्ली. जाताना दोघं म्हातारे कितीतरी वेळ हात धरून उभे होते. फार बरं वाटलं मला.

१५ डिसेंबर
कापूस परत आत.

२ मार्च
मीनलबाईनं सिनेमा पाठवला. सारे मोबाईलभोवती बसलो. शेवटी साहेब एकटेच बोलतात — "महिपतच्या घरात भिंतीला एक खिळा नाही. बिनखिळ्याच्या घरात माणसं राहत नसतात. मला पहिल्या खेपेलाच समजलं. पण तो एवढ्या मायेनं खाटा टाकून ठेवायचा, मी कशाला बोलू?"
मामाजींनी मंग डोळे पुसले.
"बेमान! मालूम होतं, अन् जलमभर मले हमाली करू देल्ली!"
अन् मला म्हणाले, लाव त्याला फोन.