कडीवालीचं कपाट आणि एकेचाळिसावं पान

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर अजून धरलेली असल्यामुळे प्रत्यक्षात सहाच अंगं टेकली आहेत, उरलेली दोन टेकली असं समजावं.) तुझ्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? खाज सुटली तरी आत विणायची सुई घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावल्याचं भाचीने कळवलं, आणि तू सुई घालतेस हेही तिनेच कळवलं. इकडे माझं सगळं ठीक. जेवण वेळेवर मिळतं, खोलीला खिडकी आहे आणि कपाट नाही. खोली घेताना मी तेवढंच पाहिलं होतं.

तुझ्या पुस्तकाचा सिनेमा करताना लोकांनी त्याची वाट लावू नये, म्हणून तू मला इथे पाठवलंस. तुझ्या लेखी परवानगीशिवाय एकही प्रसंग बदलायचा नाही आणि घरचं एक माणूस रोज हजर राहील, ही दोन्ही कलमं तूच करारात घालून घेतलीस. ते घरचं माणूस, म्हणजे मी, गळ्यात 'सल्लागार' अशी पाटी अडकवून हिंडतो. बसायला स्टूल आहे, त्याला पाठ नाही. पहिल्या चार दिवसांत माझा सल्ला एकदाच घेतला गेला, पंखा बंद करू का म्हणून.

पुस्तक तू लिहिलंस, पण त्यातला माल घरचा आहे, हे मी इथे सगळ्यांना अभिमानाने सांगतो. मागच्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर बिस्किटांचा डबा होता, मी त्यावर डल्ला मारू नये म्हणून तू आत एक म्हातारी बसवलीस, ती आतून कडी उचलते म्हणालीस आणि तिचं नाव कडीवाली ठेवलंस. मी सात वर्षांचा होतो, तू अकरा. डबा सुरक्षित राहिला. मी मात्र अजून कपाटाकडे पाठ करून बसत नाही. (आमच्या घरात कपाटांना दारांऐवजी पडदे का, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी वाळवीचं कारण सांगितलं होतं. वाळवी कधीच नव्हती. आमच्या हिलाही हे माहीत नाही.)

आता मुलांबद्दल. तुझं काम करणाऱ्या मुलीला सेटवर सगळे 'मोठी' म्हणतात आणि माझं काम करणाऱ्या मुलाला 'धाकटा', त्यामुळे कुणी "धाकट्या, नाक पूस" असं ओरडलं की मीही खिशातून रुमाल काढतो. मोठी हुबेहूब तू आहेस. तिला सगळ्यांचे संवाद पाठ आहेत आणि दुसरा अडखळला की ती ओठ हलवून दाखवते. धाकटा मात्र माझ्यावर मुळीच गेलेला नाही. तो कशालाच भीत नाही. भिणार तरी कसा? कडीवाली झालेले गृहस्थ साडेसहा फूट उंच असले तरी स्वभावाने इतके मवाळ आहेत, की मुलं त्यांना 'कडीवालीकाका' म्हणतात. एरवी ते विमा कार्यालयात नोकरी करतात. त्यांच्या तोंडावर सुरकुत्या चिकटवायला दोन तास लागतात. तेवढ्या वेळात ते धाकट्याकडून पाढे म्हणून घेतात (तेरापर्यंत आले आहेत), आणि मोठी त्यांच्या झग्याची मागची हुकं लावून देते. ज्या भुताची हुकं आपण लावतो त्याला पाहून बोबडी वळत नाही.

कपाटाची गोष्ट वेगळी. सेट उभारणाऱ्या सुताराने मला सहज विचारलं, कपाट कसं होतं, काही आठवतं का. छत्तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनमापं तपासत फिरलेल्या माणसाला असं विचारू नये. मी उंची सांगितली, रुंदी सांगितली, हिरवा रंग, डाव्या दाराचा उडालेला टवका, फळीवर अंथरलेला कागद, इतकंच काय, कडी उचलली जाताना आधी 'टिक्' आणि मग 'खर्र' असा आवाज होतो तोही तोंडाने काढून दाखवला. सुतार म्हणाला, "साहेब, फार जीव दिसतोय तुमचा त्या कपाटावर." मी हो म्हणालो. त्या भल्या माणसाने ते इतकं तंतोतंत केलं, की तेव्हापासून मी सेटवर जाताना शिंप्याच्या खोलीतून वळसा घालून जातो. शिंप्याला वाटतं, मला त्याच्या हातचा चहा आवडतो.

काल दुपारी कडी उचलण्याचा प्रसंग होता. धाकट्याची सोमवारपासून परीक्षा, म्हणून तो आजच घरी जाणार, म्हणजे जे काही व्हायचं ते कालच व्हायला हवं होतं. नाहीतर प्रसंग गाळायचा, असं दिग्दर्शिकाबाईंनी सांगून टाकलं. (केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचतात आणि मग दिवसभर पेन्सिल शोधतात. बाकी हुशार.) आता हा प्रसंग गाळला तर तुझ्या पुस्तकातून उरतो तो बिस्किटांचा डबा. खिडक्यांवर काळं कापड टाकून अंधार केला, कडीवालीकाका कपाटात जाऊन बसले, एक सहायक बाहेरून दोरा ओढायला उभा राहिला. कडी उचलली गेली आणि धाकटा हसला. पुन्हा केलं, पुन्हा हसला. सहाव्या वेळी म्हणाला, दोरा दिसतोय. अकरा वेळा झाल्यावर बाईंनी दोन्ही मुलांना जवळ बसवून विचारलं, तुम्हाला खरी भीती कशाची वाटते? मोठी म्हणाली, फोटोत डोळे मिटलेले येतील याची. धाकटा हळूच म्हणाला, "शाळा सुटल्यावर आई घ्यायला आलीच नाही तर."

तेवढ्यात मुख्य सहायकाला कल्पना सुचली. मुलाची आई बाहेर बसली आहे, तिला अर्धा तास दुसरीकडे नेऊ आणि ती निघून गेली असं त्याला सांगू. पंखा बंद करू का विचारलं होतं, त्याच सुरात म्हणाला. ताई, माझं डोकं फिरलं. मी स्टुलावरून उठलो आणि म्हणालो, हे पुस्तकात नाही, आणि असतं तर ते पान मी फाडलं असतं. पोराने विश्वासाने सांगितलेलं असं वापरायचं नसतं. (आवाज किती चढला कोण जाणे, ध्वनी टिपणाऱ्याने कानावरचं यंत्र काढून ठेवलं.) बाई लाल झाल्या. म्हणाल्या, मी तसं करणारच नव्हते, पण मग तुम्हीच दाखवा त्याला कसं घाबरायचं ते, घाबरलेला तो मुलगा तुम्हीच ना?

आता माघार कशी घेणार, गळ्यात पाटी! जमिनीवर रंगीत पट्टीची फुली होती, तिच्यावर जाऊन उभा राहिलो. मनाशी म्हटलं, आपण साठ वर्षांचे आहोत, निवृत्त आहोत, दोरा ओढणाऱ्याला आपण सकाळीच पाहिलंय. टिक्. खर्र. पळालो नाही. नजर कडीवरून हलेना आणि उजवा हात आपोआप मागे जाऊन काहीतरी चाचपायला लागला, लहानपणी कडी खरंच उचलली गेली त्या दुपारी गेला होता तसाच. तेव्हा मागच्या अंधारात तू तो धरला होतास, आठवतं? घट्ट, कडी खाली पडेपर्यंत. त्या एका गोष्टीसाठी मी तुला बिस्किटांसकट सगळं माफ केलेलं आहे.

दिवे लागले तेव्हा धाकटा हसत नव्हता. तो माझ्याजवळ आला, मला वाकायला लावलं आणि कानात म्हणाला, "काका, मी कुणाला नाही सांगणार." मग फुलीवर जाऊन उभा राहिला. बाराव्या वेळी कडी उचलली गेली तेव्हा त्याने नजर कडीवर ठेवली आणि हात मागे नेला, अगदी माझ्यासारखा. आणि मोठी, जी दाराबाहेर थांबायची ठरली होती, ती कुणी न सांगता आत आली आणि तिने तो हात धरला. कुणी थांबवलं नाही. बाई रडल्या. कपाटातले कडीवालीकाकाही रडले, त्यांच्या दोन सुरकुत्या सुटून पडल्या. मी रडलो नाही, पण रुमाल बाहेर काढून ठेवला होता.

तर काम एवढंच आहे. नोंदी ठेवणाऱ्या मुलीचं म्हणणं, पुस्तकात मोठी त्या वेळी खोलीत नसतेच, म्हणजे हा बदल झाला आणि तुझी परवानगी लागेल. मी तिला म्हटलं, घडलं तसंच झालंय, पुस्तकात आटोपशीर लिहिलं असेल. सोबतच्या कागदावर सही करून गुरुवारपर्यंत पाठव. नाही म्हणू नकोस. इतकं चांगलं काम दोन पोरांनी केलंय की स्वल्पविरामाइतकाही फरक सुचवलास तर मी पाटी परत करीन.

पायाची काळजी घे. सुई लपवून ठेवायला भाचीला सांगितलं आहे.

तुझा,
धाकटा (मूळचा)

ता. क. कबूल करतो: तुझं पुस्तक तीन वेळा वाचलं म्हणालो होतो, ते चाळीस पानांपर्यंत तीन वेळा. चाळिसाव्या पानावर कपाट येतं.

ता. क. २. परवानगीच्या कागदावर पान क्रमांक लिहायचा होता, म्हणून आत्ता शेवटी एकेचाळिसावं पान उघडलं. तू लिहिलं आहेस की तू बाहेरून खोलीच्या दाराला कडी लावून खिडकीबाहेर उभी होतीस, दोन्ही हातांनी दोरा ओढत, आणि हसू फुटू नये म्हणून फ्रॉकचा कोपरा दातांत धरला होतास. म्हणजे कपाटाची कडी तू उचलत होतीस! त्रेपन्न वर्षं, ताई! आधी संतापलो. मग इतकं हलकं वाटलं की खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि घरातले सगळे पडदे काढून कपाटांना दारं बसवायचं ठरवलं. तिसऱ्या फेरीला आठवलं. दोन्ही हातांनी.

ता. क. ३. तो हात गार वगैरे नव्हता. चांगला ऊबदार होता आणि त्याने मला शेवटपर्यंत सोडलं नाही. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तरी सहीच्या खाली 'हात माझाच होता' एवढं एक वाक्य लिही. खरं नसलं तरी लिही. आणि भाचीकडून लिहवून घेऊ नकोस, अक्षर तुझं हवं. दारं त्यानंतर बसवीन.