वेस्ट इंडीजचा जावई

बाबा,

तुमच्याबद्दल मी कॅमेऱ्यासमोर खोटं बोलले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा तुम्हाला काही फरक पडायचा नाही, आणि खरं सांगायचं तर बोलताना मलाही काही वाटलं नाही. इथे अमेरिकेत आमच्या गावच्या लायब्ररीच्या तळघरात एक छोटा स्टुडिओ आहे. तिथून लोकल केबलवर वेस्ट इंडियन मंडळींचा गप्पांचा कार्यक्रम चालतो. एखादं जोडपं येतं, एखादा गाणारा नाहीतर चित्रकार येतो, आणि आपलं कसं जमलं, कसं निभावलं ते सांगतात. सहा वर्षं झाली, त्याचं एडिटिंग मी करते, फुकट. शेजारच्या आयसेलिन गावातल्या आपल्याकडच्या मावश्या विचारतात, "अगं, तुझा काय संबंध त्या लोकांशी?" मी म्हणते, नवरा त्रिनिदादचा आहे ना माझा. मग विषय सामोशांकडे वळतो.

कार्यक्रमाची एक पद्धत आहे. सोफ्याशेजारी एक रिकामी खुर्ची ठेवतात, घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी. खुर्चीवर त्यांचा फोटो. आणि एक प्रश्न ठरलेला: लग्नाचं सांगितलंत तेव्हा हे काय म्हणाले? लोक तिथेच हसतात आणि तिथेच रडतात, म्हणून मी तो भाग कधी कापत नाही. या वेळी यायचं होतं ते जोडपं आजारी पडलं. कार्यक्रम चालवणाऱ्या बाई बार्बाडोसच्या, सत्तरीच्या, सगळे त्यांना आंटी म्हणतात. त्यांनी फर्मान काढलं, "डार्लिंग, तुम्ही दोघं बसा." मी घरून तुमचा फोटो नेला. चौदा एप्रिलच्या जयंतीला भाषण करतानाचा, माईक धरलेला.

"अँड डॅडी? डॅडी काय म्हणाले?" आंटींनी विचारलं. मी म्हटलं, "म्हणाले, वेस्ट इंडीजचा? मग आधी घरी आण त्याला. इथे माझ्याशी क्रिकेट बोलायला कुणी नाही." सगळा स्टुडिओ हसला. आंटींनी टाळी दिली, "तो तर आमचाच माणूस!" खोटं इतकं सहज जमलं, कारण अर्धं खरंच होतं. नागपूरच्या त्या एका खोलीत रेडिओला कान लावून तुम्ही त्यांच्या बॅट्समनची नावं घरच्या माणसांसारखी घ्यायचात. भारत हरला तरी तुम्ही खुशीत. "बघ बेटा, काळी माणसं गोऱ्या साहेबाला कशी लोळवतात," असं मला मांडीवर घेऊन सांगायचात.

आणि पुढे इथे आल्यावर त्यांच्यातला एक खरोखर आपल्या दारात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात त्याच्या आईनं केलेला ब्लॅक केक, लग्नाकार्याचा, रममध्ये फळं महिनोन्‌महिने मुरवून करतात तो. तुम्ही खिडकीतून पाहिलंत, बाथरूममध्ये गेलात आणि नळ सोडलात. पाऊण तास. तो सोफ्याच्या कडेला बसून पाण्याचा आवाज ऐकतोय, मी चहा गरम करतेय, परत गरम करतेय. तो गेल्यावर तुम्ही किचनमध्ये येऊन लसूण सोलायला बसलात आणि वर न बघता म्हणालात, "किती पायऱ्या चढून वर आलो आपण. आणि तू परत खाली निघालीस." आदल्याच रविवारी विहारात तुम्ही सगळ्यांना जाती मोडायला सांगितलं होतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या. मला राग यायला हवा होता, आला नाही. मी केक फ्रीजमध्ये ठेवला. तुम्ही लग्नाला आला नाहीत, पुढे दोन वर्षांत गेलात, आणि माझं रडणं राहूनच गेलं.

रेकॉर्डिंगहून येताना नवरा गाडीत म्हणाला, "छान सांगितलंस." मी विचारलं, "कट करू का?" तो म्हणाला, "युअर डॅड. यू डिसाइड." तो शाळेत स्टीलपॅन, त्यांच्याकडचं पत्र्याच्या पिंपाचं वाद्य, वाजवायला शिकवतो. शनिवारी कार्यक्रम लागला की त्याच्या शाळेतल्या मुलांचे आईबाप, त्याच्या चर्चमधले लोक, सगळे त्याला भेटून तुमचं कौतुक करणार, आणि त्याला मान हलवावी लागणार. जन्मभर.

आज फुटेज काढून बसले. मी बोलत होते तेव्हा दुसरा कॅमेरा त्याच्यावर होता. सगळे हसताहेत आणि तो तुमच्या फोटोकडे बघतोय. रागानं नाही. पण ज्याला डोळे आहेत त्याला लगेच कळेल, की हा या माणसाला कधी भेटलेलाच नाही. माझं वाक्य कापलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. मी दुपारभर बसले. शेवटी वाक्य ठेवलं. त्याचा चेहरा काढला आणि त्या जागी हसणारे प्रेक्षक लावले. जोड कुठे दिसतही नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, तेव्हा लिहून टाकते. तुमची अब्रू राखली मी, बाबा. त्याला अजून सांगितलेलं नाही.