नाक उघडेपर्यंत

१२ ऑक्टोबर

आज हद्द झाली! मोगरा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी केवडा दिला. चौकातून परत आला बिचारा. म्हणाला, "महेबूबभाई, तुम्हीच असं करायला लागले तर कसं?" तीन पिढ्या कंधारच्या बाजारात अत्तर विकून राहिलो आणि हातातल्या बाटलीचा वास मला येईना! बाटल्यांवर चिठ्ठ्या आहेत, पण मी कधी वाचल्या? नाकानंच उचलतो. वरून शिंकांवर शिंका. लई लाज वाटली.

१९ ऑक्टोबर

डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. घरामागं किशनचं रान. यंदा पावसानं सोयाबीन उभ्या उभ्या सडलं. भुसकटाचा ढीग काळा पडलाय. मळणीयंत्र सुरू झालं की सगळी धूळ आमच्या अंगणात. किशन कुंपणापाशी येऊन ओशाळला. म्हणाला, वारंच तुमच्याकडं वाहतंय भाई, मी काय करू. त्याला काय बोलणार! संध्याकाळी त्यानं काढा पाठवला. प्यालो. चवसुद्धा कळली नाही.

२५ ऑक्टोबर

बुशरानं ऐकलं नाही, नांदेडला नेलंच. पोरगी शाळेत शिकवते, घरी बापालाही वर्गातल्या पोरांसारखी दटावते. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, नुसती धूळ नाही, तिच्यात बुरशी आहे. ओल्या भुसकटावर, सडक्या पाल्यावर वाढते आणि तिचे बारीक कण वाऱ्यावर येतात, डोळ्यांना दिसत नाहीत. नाकात फवारा मारायचा. खिडक्या लावून घ्यायच्या. पांघरुणं, कपडे गरम पाण्यात धुवायचे, बाहेर वाळवायचे नाहीत.

मी एकच विचारलं — वास परत येईल ना? म्हणाल्या, हवा कोरडी होऊ द्या, येईल.

बुशराला वाटलं दुकानाची काळजी आहे. वाटू दे.

४ नोव्हेंबर

रईसाची बरसी. फातेहा झाली. बुशरानं गोड भात केला, शेजारी वाटला.

दरवर्षी आजच्या दिवशी, बुशरा बाहेर गेली की, मी पत्र्याची पेटी काढतो. आत रईसाची हिरवी ओढणी. शेवटी अंगावर होती ती, न धुतलेली. अत्तरवाल्याची बायको, पण कानात कधी फाया घातला नाही! म्हणायची, दिवसभर तुम्ही घमघमता तेवढं बस्स, घरात एक माणूस तरी बिनवासाचं राहू द्या. बिनवासाची कुठली! खोबरेल, मेथी, तव्याचा धूर आणि वर तिचा स्वतःचा एक वास. तो मला कुठल्याच बाटलीत सापडला नाही.

पेटी उघडली की थोडा वास उडून जातो. म्हणून वर्षातून एकदाच. आज पेटी मांडीवर घेऊन बसलो. कडीला हात लावला आणि काढला. बंद नाकानं उघडायची म्हणजे फुकट घालवायची. रजयांच्या खाली परत ठेवली. नाक उघडेपर्यंत थांबतो. घाई काय आहे.

९ नोव्हेंबर

फवारा मारला. काही नाही.

१६ नोव्हेंबर

रविवार. बुशराला सुट्टी, म्हणजे घराची खैर नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तिनं फारच मनावर घेतलंय. मी दुकानातून आलो तर रजया, चादरी, पडदे, सगळं धुतलेलं आणि घरभर दोऱ्या. कमरेत वाकून आत शिरलो. कसलं तरी मऊ ओलं कापड तोंडावर आलं. वैतागून बाजूला सारलं. पोरीच्या हाताची सालटं निघालीत. तरी खूश होती. म्हणाली, आता बघा अब्बा, कसं बरं वाटतं ते.

२१ नोव्हेंबर

शिंका कमी. रात्री झोप लागली.

२७ नोव्हेंबर

आला! सकाळी चहात आलं किसलेलं कळलं. मग किशनच्या घरची लसणाची फोडणी. दुकानाचं शटर वर केलं आणि खस, हिना, केवडा सगळे एकदम अंगावर आले. तिथंच पायरीवर बसलो. रडू आलं, खोटं कशाला लिहू. मोगऱ्याच्या गिऱ्हाइकाला बोलावून फुकट बाटली दिली.

उद्या जुम्मा. नमाजहून आलो की पेटी.

२८ नोव्हेंबर

उघडली. ओढणी इस्त्री करून, नीट घडी घालून ठेवलेली.

बुशराला हाक मारली. म्हणाली, "अब्बा, या पेटीतपण बुरशी शिरली होती. अम्मीच्या ओढणीवर काळे ठिपके पडले होते. घासून घासून काढले, तेव्हा कुठं वाचली." सांगता सांगता तिचे डोळे भरले.

"बरं केलंस, बेटा," मी म्हणालो.

ती गेल्यावर पुन्हा नाकाला लावली. साबणाची पावडर. दुसरं काही नाही. नाक अगदी साफ झालंय.