ठकूमामीची पाठवणी

तीर्थस्वरूप भागीरथीअक्कास,

धाकट्या हनुमंताचा तंजावरहून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? पापनाशमचा तुझा डॉक्टर जिने चढू नका म्हणतो, तर स्वतः माडीवर दवाखाना का थाटून बसलाय, हे एकदा विचार त्याला. माझी प्रकृती उत्तम. (जेवण जात नाही, पण ते माझ्याच हातचं असतं.)

तिरुवैयारूच्या खेळाची हकीकत तुझ्या नातीनं, अखिलानं, सांगितलीच असेल. ती मला सांभाळून घेत बोलली असणार, म्हणून खरं ते मीच लिहितो. आपल्या घरात बाहुली कुणाला द्यायची तर मुलीसारखी पाठवणी करतात, हे तू जाणतेस. बाहुली नाचवायच्या दोऱ्यांचं कडं डोक्यावर घेऊन माझी मान कामातून गेली, तेव्हा ठकूमामीला तेलानं पुसलं, नवं लुगडं नेसवलं, ओटी भरली आणि अखिलाच्या हाती दिली. बाहुली दिली की तिचा आवाजही दिला. देणाऱ्यानं तो पुन्हा काढायचा नाही, हा आपल्या अप्पांचा नियम.

तर मी जन्मात पहिल्यांदा पडद्यापुढे बसलो. (पुढून मामी बरीच ठेंगणी दिसते. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही.) सून पेज सांडते आणि मामी तिला फैलावर घेते, तिथं अखिला श्वास घ्यायला थांबली, आणि मामी बोलली ती पुढच्या रांगेतून. म्हणजे मी बोललो. बाहुली मंचावर आणि तिची जीभ खुर्चीत, असा प्रकार. मी अगदी कानकोंडा झालो. (पळावं तर शेजारचे गृहस्थ पाय पसरून घोरत होते.) पण तुझी नात बिलंदर. तिनं मामीला सावकाश माझ्याकडे वळवलं आणि म्हणाली, "अय्यो, ह्या म्हाताऱ्यास घर नाही का? माझं तोंड मजपाशी असू दे." मंडपात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मीही हसलो. माझ्याहून चांगली बोलली गं ती.

मग घरी आलो. खेळ संपला की मामीला खुंटीवर टांगायचं आणि कोण चुकलं यावरून तिच्याशी भांडायचं, ही माझी सवय. दोन्हीकडून मीच बोलायचो, तरी शेवटचा शब्द तिचाच. तुझी भावजय गेल्यापासून या घरात मराठी बोलणारी तीच एक उरली होती. शेजारी भले आहेत, तमिळमध्ये रोज चौकशी करतात. पण भांडायला आपलीच भाषा लागते. परवा रिकाम्या खुंटीशी बोलून पाहिलं. फार एकटं वाटतं, अक्का.

टपाल निघायची वेळ झाली, म्हणून इथंच पुरे करतो.

तुझा,
हनुमंत

ता. क. : आडी महिना जवळ आला. सासरी गेलेल्या नव्या मुलीला आडीत माहेरी आणतात. ठकूमामीची पाठवणी रीतसर झाली आहे, तेव्हा तिलाही आणायला हवं. मी हट्ट करतोय असं समजू नकोस, रीतच आहे.

आणखी एक : एवढी जड बाई बसमधून आणायची म्हणजे पोरीचे हाल. मामीला तिथंच राहू दे. नुसती अखिला आली तरी चालेल.