पहिला पर्याय

छत्रपती संभाजीनगर,
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय रामकिसन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. कन्नडला ते दोन-तीन दिवसांत पोचेल. फाडायचं असेल तर वाचून मग फाड. तुला अक्षर मीच गिरवायला लावलं होतं, तेवढ्या हक्कानं सांगते.

तू सारजाला घेऊन गेलास त्या दिवशी तिची एक बॅग इथंच राहिली. त्यात दोन ड्रेस, कंपासपेटी आणि स्क्रूड्रायव्हरचा संच आहे. तो संच तिनं दहावीच्या बक्षिसातून घेतला होता. दोन वर्षं ती माझ्याकडे राहिली आणि त्या काळात या घरातली एकही वस्तू तिनं उघडल्याशिवाय सोडली नाही. मिक्सर दुरुस्त केला तेव्हा हातात एक स्क्रू उरला. तो मला दाखवून म्हणाली, "आत्या, कंपनीनं एक जास्तीचा दिलाय." मी रागावले. मिक्सर मात्र अजून चालतो आहे.

तिला मेकॅनिकलच हवं होतं, तेही पुण्याच्या सरकारी कॉलेजात. तू आधी नाही म्हणालास. मग एक दिवस कुणाला न सांगता पुण्याला गेलास, मुलींच्या वसतिगृहाचं फाटक पाहून आलास आणि मला फोनवर म्हणालास, "आक्का, भिंत चांगली उंच हाय. जाऊ दे पोरीला." त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. तसं बोलून दाखवायला हवं होतं. पन्नास वर्षांपूर्वी मीही असाच फॉर्म आणला होता, ते तुला आठवत नसेल, तू फार लहान होतास. दादा निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. त्यांनी फॉर्म सवयीनं शेवटच्या पानापासून उघडला. तिथं पालकांच्या सहीची जागा होती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली, फॉर्म मिटला आणि मला परत दिला. रागावले नाहीत. मी बी.एस्सी. केलं, गुलमंडीजवळच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. तक्रार कधी केली नाही आणि आजही करत नाही.

सारजाला प्रवेश परीक्षेत ९८.६ पर्सेंटाइल मिळाले. जुलैमध्ये ऑनलाइन पर्याय भरायचे होते. कॉलेजांची नावं आवडीच्या क्रमानं लावायची आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून फॉर्म पक्का करायचा. तुझ्या शेजारच्या काकासाहेबांनी तुला एवढंच सांगितलं, की सारजानं पुणं दुसऱ्या क्रमांकावर टाकलं आणि इथलं, चिकलठाण्याकडचं खासगी कॉलेज पहिल्यावर. ते खरं आहे. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं, की तीच जागा कायम होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. तसंच झालं. पुण्याची मेकॅनिकलची यादी ९७.८ वर थांबली. पुणं वर असतं तर ती जागा तिची होती. त्यावर काकासाहेबांनी तुझ्या डोक्यात भरवलं, की एवढ्या मार्कांची पोरगी पुणं सोडून हितलं कॉलेज पैलं टाकती म्हंजी कायतरी कारण असणार, कुणीतरी असणार.

तू आलास तो चप्पल न काढता थेट आत. "कुणासाठी थांबायचं व्हतं गं तुला हितं?" असं विचारलंस. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हाताला पीठ होतं. ती म्हणाली, "माझ्याकडून क्रम चुकला, पप्पा." तू तिचा मोबाइल काढून घेतलास आणि तिला गाडीत बसवलंस. इथल्या कॉलेजची फी भरायची मुदत पुढच्या चार दिवसांत संपली, म्हणजे तीही जागा गेली. आता तिचं नाव बाहेरून बी.ए.ला घातलं आहेस असं वहिनीनं कळवलं. त्याच फोनवर दोन मिनिटं सारजा बोलली. म्हणाली, "आत्या, तू काही सांगू नको. आता काय उपयोग?" आवाज अगदी सपाट होता. या मुलीचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

क्रम तिनं चुकवला नाही. तो मी लावला. तिनं यादी लिहून आणली होती, त्यात पुणं सगळ्यात वर होतं. मी तिला म्हटलं, पेपरात आधी सोपा प्रश्न सोडवायचा, हातचे मार्क आधी घ्यायचे, अवघड मागाहून. वर्गात हे मी हजार वेळा सांगितलं आहे आणि मुली पास झाल्या आहेत. सारजा म्हणाली, "आत्या, हे पेपरासारखं नसतं बहुतेक." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." तिनं ओटीपी वाचून दाखवला आणि मी तो टाकला.

इथं थांबले असते तर ही एका म्हाताऱ्या मास्तरणीची चूक ठरली असती आणि तू कदाचित माफही केलं असतंस. पण सूचना न वाचता फॉर्म भरणारी बाई मी नाही. क्रांती चौकातून माहितीपुस्तिकेची छापील प्रत मी आठ दिवस आधीच आणली होती. पहिला पर्याय मिळाला की पुढच्या फेऱ्या बंद, या ओळीखाली माझ्याच हातची पेन्सिलीची रेघ आहे. तुझी गाडी दाराशी थांबली तेव्हा ते पान टेबलावर उघडं होतं. सारजानं रेघ पाहिली आणि तू आत येण्याआधी पान उलटं करून ठेवलं.

पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा देता येते. तू देऊ देशील असं वाटत नाही, आणि तू देऊ दिलीस तरी ती बसेल असंही वाटत नाही. मी काही मागण्यासाठी लिहीत नाही. मागायला आता काही शिल्लक नाही. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मला देता येत होतं आणि मी पिठाचे हात धरून गप्प उभी राहिले, म्हणून लिहिते. तिला इथं कुणासाठीच थांबायचं नव्हतं, रामकिसन. तिनं थांबावं असं मला वाटत होतं.

तुझीच,
आवडाक्का